लहान विमान, पंखाचे टोक आणि भरलेल्या जागा

16 एप्रिल 2025 ला अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईहून पहिले प्रवासी विमान उतरले. आपल्या वर्धा नदीच्या पलीकडेच. लहान गावांना जोडणारी ही विमाने टिकतात कशी, ते आज आपण पाहू.

बेलोऱ्याला आले ते एटीआर-72, पंख्याचे, साधारण 70 जागांचे. याच मापाची जेट विमानेही असतात. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर कंपनी ब्राझीलमध्ये बनलेले एम्ब्रेअर 175 चालवते. त्यात 76 जागा आहेत.

विमान कंपनीचा मोठा खर्च इंधनाचा. जागा कमी, म्हणजे तो खर्च थोड्याच तिकिटांवर वाटला जातो. म्हणून थेंब थेंब वाचवावा लागतो.

विमान उडताना पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. खालची हवा टोकावरून वर वळते आणि नदीत पडतो तसा भोवरा पडतो. हा भोवरा विमानाला मागे ओढतो, इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. आकाशात तरंगणारी घार पाहा. तिच्या पंखांच्या टोकाची पिसे फाकलेली, वर वळलेली असतात. त्याने भोवऱ्याचा जोर कमी होतो. विमानाच्या पंखाचे टोकही असेच वळवतात, त्याला विंगलेट म्हणतात. एम्ब्रेअरने 2014 पासून 175 ला नवे टोक बसवले, अंगावरच्या आणखी काही जागा गुळगुळीत केल्या. इंधन सुमारे 6 टक्के वाचले.

पण नुसते इंधन वाचून भागत नाही, जागा भरल्या पाहिजेत. 2016 च्या 'उडान' योजनेत सरकारने निम्म्या जागांचे भाडे बांधून दिले, तासाभराच्या प्रवासाला सुमारे 2500 रुपये. कंपनीला तीन वर्षे तोट्याची भरपाई दिली. तरी कॅगच्या 2023 च्या अहवालात दिसले की, पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी मदत संपल्यावरही चालू राहिले फक्त 54.

आपल्या बचत गटांना हे नवे नाही. अनुदानावर पापडाचे यंत्र येते, पण गिऱ्हाईक रोज लागते. म्हणून नवे विमान सुरू झाल्याची बातमी आली की आपण एवढेच विचारू: मदत संपल्यावर यात बसणार कोण, आणि ते भाडे आपल्याला परवडेल का? गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.