कळफलकावरची बाराखडी

‘भिलाई’ हा शब्द जुन्या हिंदी टाइपरायटरवर उमटवायचा तर सात ठोके पडत. पहिला ठोका ‘भ’चा नव्हे, तर वेलांटीचा! मग अर्धा भ, त्याला दंड, ल, काना, इ आणि तिच्यावर रफार. तोंडाने जे आधी म्हणायचं, ते बोटांनी नंतर. मुरलेल्या टायपिस्टचं ठीक, पण घरच्या माणसाने एवढे कष्ट का घ्यावेत?

संगणक आला तेव्हा बऱ्याच ठिकाणी हीच मांडणी त्यावर चढली. १९८६ मध्ये मात्र केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ पुढे आणली. १९९१ मध्ये तिला भारतीय मानकात जागा मिळाली. पुण्याच्या सी-डॅकने आपल्या ‘जिस्ट’ तंत्रातून ती संगणकांवर पोहोचवली. हिचं सूत्र म्हणजे आपली शाळेतली बाराखडीच. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’, ‘प’ची दाबली की ‘फ’. अक्षरं उच्चाराच्या क्रमाने दाबायची. वेलांटी योग्य जागी नेणं, जोडाक्षर जुळवणं हे संगणकाचं काम. ‘भिलाई’ पाच ठोक्यांत तयार!

भिलाईसारख्या गावाला याचा दुहेरी फायदा. १९५९ मध्ये पोलादाची पहिली भट्टी पेटली आणि टाउनशिपमध्ये अनेक प्रांतांची कुटुंबं शेजारी आली. इनस्क्रिप्टमध्ये ‘क’ हिंदीचा असो, बंगालीचा वा तेलुगूचा, कळ तीच. कचेरीत हिंदीसाठी वळलेली बोटं घरी मराठीलाही चालतात.

मग अडतं कुठे? बाजारातल्या बहुतेक कळफलकांवर छापलेली असते फक्त इंग्रजी. सोय विंडोजमध्ये असूनही दिसत नाही. सेटिंग्जमध्ये मराठी जोडावी, विंडोजची कळ धरून स्पेस दाबावा, भाषा बदलते. कळांवर चिकटवायची देवनागरी अक्षरंही मिळतात. पहिला आठवडा फक्त घरच्यांची नावं लिहावीत. बोटं चुकतील, चुकू द्यावीत!

नाहीतर इंग्रजी अक्षरांतल्या निरोपात ‘काल’ आहे की ‘काळ’, हे आजीने अंदाजानेच वाचायचं. मराठी घराला हमखास लागणारा हा ‘ळ’ इनस्क्रिप्टमध्ये ‘ल’च्याच कळीवर आहे, शिफ्ट धरला की हजर.