शिकारीचें काडतूस आणि कायदा

गव्यावाघांसारख्या मोठ्या जनावरांसाठीं लंडनच्या रिग्बी कंपनीनें १८९८ सालीं .४५० इंच मापाचें धूरविरहित दारूचें काडतूस काढलें. परंतु सैन्यांतील जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांचें मापही तेंच. शिकाऱ्याचा दारूगोळा बंडखोरांस मिळेल या धास्तीनें हिंदुस्थानांतील ब्रिटिश सरकारनें पुढें त्या मापावर बंदी घातली. १९०७ सालीं हॉलंड अँड हॉलंडनें .४६५ चें काडतूस आणलें. गोळी पूर्वीइतकीच, सुमारें ३१ ग्रॅमांची. बदलला तो आंकडा. रानांतल्या गव्यास या बंदीचा लाभ कसला? तो कायदा राज्याच्या रक्षणाचा होता. जनावरांच्या रक्षणाचा कायदा १९७२ सालीं झाला. आमच्या मतें जुनीं काडतुसें आतां संग्रहालयांतच शोभतात.