मुंबईची पंगत

‘बाहेरचें खाणें’ हे दोन शब्द आमच्या लहानपणीं घरांत ज्या स्वरांत उच्चारले जात, त्या स्वरांत एखाद्या सांथीच्या रोगाचेंहि नांव कोणी घेत नसे. प्रवासास निघावें तर दशम्या, धपाटीं, तिखटमिठाच्या पुऱ्या यांचा डबा बरोबर. आणि तो संपलाच तर केळीं व शेंगदाणे. फलाहाराला दोष नाहीं, असा शास्त्रार्थ! आमच्या आजोबांनीं आयुष्यांत चार वेळां मुंबई पाहिली, परंतु नातलगांच्या घराबाहेर तेथील पाणीदेखील घेतलें नाहीं. त्याच घरांतील आम्ही सात माणसें गेल्या माघांत दोन दिवस केवळ खाण्याकरितां मुंबईस गेलों, हें आजोबांना कळतें तर काय झालें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

निमित्त धाकट्या पुतणीचें. नोकरीमुळें ती तीन वर्षें मुंबईंत आहे. तिचें म्हणणें असें, कीं पुण्याच्या माणसांना मुंबई म्हणजे राणीची बाग आणि सिद्धिविनायक, एवढीच ठाऊक. मुंबई पाहावयाची तर तेथील लोक उभ्याउभ्या जेथें खातात तेथें जाऊन पाहिली पाहिजे. “काका, दोन दिवस घरचा डबा मात्र आणायचा नाहीं,” अशी तिनें अटच घातली. वहिनींनीं अट मान्य केली, आणि तरीहि पिशवींत दशम्या ठेवल्या.

पहिली सकाळ धोबीतलावावर इराण्याकडे गेली. कयानी आणि कंपनीचें हें दुकान १९०४ सालचें. संगमरवरी फरशीचीं मेजें, वांकविलेल्या लांकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्याशेजारीं बिस्किटांच्या बरण्या. बृन म्हणून जो पाव मिळतो तो वरून दगडासारखा कडक आणि आंत मऊ. त्यास मस्का लावून तो चहांत बुडवून खावयाचा. हे इराणी म्हणजे पारश्यांचे धर्मबंधूच. परंतु पारशी गुजराथेंत स्थिरावल्यावर कित्येक शतकांनीं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आणि विसाव्याच्या आरंभीं, हे लोक यझ्द आणि केरमानकडून मुंबईस आले. कोपऱ्यावरचें दुकान हिंदु व्यापाऱ्यांस अशुभ वाटे, म्हणून तीं दुकानें इराण्यांस स्वस्तांत मिळालीं असें म्हणतात. नाक्यानाक्यावर इराणी बसला तो असा. धोबीतलावावरच ‘बस्तानी’ नांवाचें दुसरें दुकान होतें. गिऱ्हाइकांनीं तेथें काय काय करूं नये याच्या पाटीवरून निसीम इझिकेल यांनीं इंग्रजींत एक कविताच रचली. तें दुकान आतां राहिलें नाहीं.

परंतु आमचें लक्ष पदार्थांपेक्षां मेजाकडे होतें. आमच्या मेजाच्या दुसऱ्या टोकाला एक टॅक्सीवाले आणि एक वकील बसले होते. तिघांच्या मध्यें साखरेचें भांडें एकच. ही गोष्ट आज कोणाच्या नजरेंतहि भरत नाहीं. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली, तेथें चहाबिस्किटें पुढें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातीं धरला. गोपाळराव जोशी यांनीं त्या सर्वांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं आणि टिळक-रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य झालें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि शेवटीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. आम्ही ही हकीकत सांगूं लागलों तेव्हां पुतणीनें बृन तोंडाशीं नेतां नेतां थांबून विचारलें, “एका कप चहासाठीं?” चहासाठीं नव्हे, चहा कोणाच्या हातचा होता यासाठीं. आणि पावाचा विटाळ तर त्याहून मोठा. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीज. विहिरींत पावाचा तुकडा पडला आणि तें पाणी प्याल्यामुळें सारें गांव बाटलें, अशा गोष्टी कोंकणांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. वहिनींनीं त्या ऐकत ऐकत नुसता चहा घेतला.

तेथून चालत आम्ही गिरगांवांत शिरलों. येथें आम्हांस एका चाळीपाशीं थांबावयाचें होतें. ती चाळ आतां नाहीं. तिच्या जागीं बत्तीस मजली इमारत उभी आहे. वर पाहतां पाहतां मान अवघडली. त्या चाळींत दुसऱ्या मजल्यावर आमची आत्या राहत असे.

आत्याचे यजमान वारले तेव्हां ती एकोणतीस वर्षांची होती. माहेरीं परत यावें असें सर्वांनीं सुचविलें. ती आली नाहीं. दोन खोल्यांत तिनें खानावळ चालविली. सकाळ-संध्याकाळ चौदा पानें. बहुतेक कचेऱ्यांतले कारकून, चारदोन विद्यार्थी. महिन्याचे पैसे आगाऊ, आदल्या दिवशीं सांगितलें तर खाडा वजा, रविवारीं एकवेळ आणि त्यांत गोड. पुण्यास मात्र ‘खानावळ’ हा शब्द आमच्या घरांत कधींहि उच्चारला गेला नाहीं. “आत्या गिरगांवांत असते, तिच्याकडे कांहीं मुलें असतात,” एवढेंच. अन्नदान हें पुण्य आणि अन्नविक्रय हें पाप, हा जुना दंडक; त्यांत विकणारी घरची मुलगी! गौरीगणपतीला ती आली कीं तिला भाजी चिरावयास देत, नैवेद्याच्या सैंपाकाला हात लावूं देत नसत. हे दंडक पाळणाऱ्या घरांतील मुलाची, म्हणजे आमची, महाविद्यालयाची चारी वर्षांची फी गिरगांवहून मनिऑर्डरीनें येत असे. मनिऑर्डरीला विटाळ नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती आजवर आम्ही कोणास सांगितली नव्हती. आमच्या लग्नांत मुलीकडच्या एका वृद्ध गृहस्थांनीं सहज विचारलें, कीं आपल्या आत्याबाई मुंबईंत काय करतात? आम्ही म्हणालों, “कांहीं नाहीं, एकट्याच असतात.” आत्या मागें लाडवांचें ताट घेऊन उभी होती. तिनें पुढें येऊन त्या गृहस्थांना आग्रहानें दोन लाडू वाढले आणि त्या विषयावर ती पुढें कधींहि बोलली नाहीं. तिच्या चाळीच्या जागीं रस्त्यावर उभें राहून आम्ही हें सांगितलें तेव्हां पुतणी कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें तिनें विचारलें, “आत्याआजी बुधवारीं काय करायच्या?” आम्हांस आठवेना.

आत्या एकटी नव्हती, हें आम्हांस फार उशिरां कळलें. परळ, लालबाग, वरळी हा गिरणगांव अशा बायकांच्या चुलींवर जेवत होता. कोंकणांतून आणि घाटावरून आलेला गिरणी-कामगार बायकामुलें गांवीं ठेवून येई, एकेका खोलींत पाळीपाळीनें निजे, आणि जेवावयास कोणा बाईकडे महिना बांधी. त्या बाईला वाण्याची उधारी आणि सावकाराचें जबर व्याज. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अशा बायकांचें अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. पहिल्या चौदा जणींना बँकेचें कर्ज मिळालें. तारण ठेवण्यास त्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें. एकीनें दुसरीला जामीन राहावें, हाच आधार. चौदा हा आंकडा वाचून आम्हांस आत्याचीं चौदा पानें आठवलीं. हा योगायोगच. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले आणि त्यांपैकीं पुष्कळ गांवीं निघून गेले. जेवणारा गेला, मागें राहिलेली बाकीहि गेली. संपाच्या इतिहासांत गिरण्यांच्या भोंग्यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. त्या पातेल्यांविषयीं फारसें लिहिलेलें आमच्या वाचनांत नाहीं. मंडळ मात्र टिकलें, आणि पुढें मोठमोठ्या ठिकाणीं जेवण पुरविण्याचीं कामें त्यानें घेतलीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं माटुंगा. स्थानकाबाहेर मंडईच्या इमारतींत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचें श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालापासून आहे. केळीच्या पानावर भात, सारु, सांबार, दोन भाज्या, पापड. वाढपी इतक्या चपळाईनें वाढतो कीं ‘पुरे’ म्हणेपर्यंत दुसरा डाव पानांत. उडुपी मठाच्या सैंपाकघरांतून निघालेली ही विद्या. आरंभीं या मंडळींतहि सैंपाकी ब्राह्मणच हवा असे, आणि मुंबईंतील जुन्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर ‘ब्राह्मणांचें’ हा शब्द ठळक अक्षरांत असे. त्याशिवाय गिऱ्हाईक आंत पाऊल ठेवीना. आज उडुपी म्हणून जें हॉटेल दिसतें त्याचे मालक बहुधा शेट्टी असतात आणि तेथें इडलीशेजारीं पावभाजी व चिनी शेवया सुखानें नांदतात. दक्षिण कानड्यांतून दहा-बारा वर्षांचीं पोरें येऊन कपबशा विसळीत, रात्रीं कानडी रात्रशाळेंत शिकत, आणि त्यांतलीं कांहीं पुढें स्वतःच्या हॉटेलच्या गल्ल्यावर बसलीं. मुलांना राबवून हें झालें, हेंहि विसरून चालणार नाहीं. वहिनी येथें मनापासून जेवल्या. पान आपल्याकडे दुमडावें कीं पलीकडे, यावर त्यांचा आणि शेजारच्या पंक्तींतील एका मद्रासी बाईंचा खुणांनींच संवाद झाला.

तिसरा प्रहर दादरला गेला. स्थानकाजवळचें मामा काणे यांचें उपाहारगृह १९१० सालचें. बटाटेवडा बशींत, चमच्यानें, बसून खावयाचा, हा त्या पिढीचा रिवाज. तोच वडा स्थानकाबाहेर रस्त्यावर पावांत घालून हातांत देण्याची युक्ति १९६६ सालीं अशोक वैद्य यांनीं काढली, असें सर्वत्र सांगितलें जातें. युक्ति लहान, पण परिणाम केवढा! बशी नको, चमचा नको, बसावयास जागा नको. पाळी संपवून लोकल गांठणाऱ्या माणसाला उभ्यानें, एका हातानें, पोटभर. आम्ही गाडीपाशीं उभे राहिलों. कढईंत वडे फुगून वर येत होते, वाळलेल्या लसणीच्या चटणीचा वास नाकांत जात होता. पुतणीनें एक वडापाव वहिनींपुढें धरला. त्यांनीं पाव उघडून पाहिला, वडा पाहिला, पुन्हां मिटला, आणि पाठमोऱ्या होऊन खाल्ला. वळून त्या म्हणाल्या, “मीठ थोडें जास्त आहे.” आणि मग, “अजून एक मिळेल का?”

संध्याकाळची खाऊगल्ली आम्ही घाईनेंच पाहिली. घाटकोपरच्या गल्लींत डोशावर लोणी, भाजी, खिसलेलें चीज असें जें जें रचतात तें पाहून आमच्या वयाच्या पोटानें हात टेकले. चाकांवर अख्खें सैंपाकघर बसविलेल्या मोटारीहि आतां दिसतात. तरुण मंडळींना त्यांचें कौतुक फार, आम्हांस मात्र खिडकींतून उंचावरून बशी घेतांना रेशनच्या रांगेची आठवण झाली. चेंबूरला फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांची दाल-पकवान खावयाची राहिली, ती पुढल्या खेपेस.

एक प्रसंग मात्र नोंदविला पाहिजे. एका नाक्यावर आम्ही शेवपुरी घेत असतां कोठून तरी “गाडी आली!” अशी हाक उठली. क्षणांत चटण्यांचीं भांडीं फडक्यांत, टोपली डोक्यावर, आणि विक्रेती गल्लींत नाहींशी झाली. आमच्या हातांत बश्या तशाच, आणि पैसे द्यावयाचे राहिलेले. रस्त्यावरील विक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण देणारा कायदा २०१४ सालीं झाला. शहरोशहरीं समित्या, परवाने, नेमलेल्या जागा, असें सर्व त्यांत आहे. तरी २०२४ सालींदेखील मुंबईंतील फेरीवाल्यांचा वाद न्यायालयांत चालूच होता. पदपथावरून चालणाऱ्यालाहि हक्क आहेच. परंतु ज्या शहराची निम्मी भूक पदपथावर भागते त्यानें भागविणारीला रोज पळवावें, हें आम्हांस पटत नाहीं. वीस मिनिटांनीं ती परत आली. आम्ही थांबलोंच होतों. तिनें पैसे मोजून घेतले आणि आमच्या बशींत न विचारतां आणखी एक पुरी ठेवली.

परतीच्या गाडींत कर्जत मागें पडल्यावर वहिनींनीं पिशवींतल्या दशम्या काढल्या. त्या आम्ही सर्वांनीं खाल्ल्या.

घरीं आल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरविली. आत्या गेल्यावर गिरगांवहून जें थोडें सामान आलें त्यांत तिच्या हिशेबाची वही होती. इतकीं वर्षें ती कोणी उघडली नव्हती. महिनेवार नांवें, जमा, बाकी, खाडे. बुधवारचा पदार्थहि एका पानाच्या कडेला सांपडला: वालाचें बिरडें. पुतणीला तो लगेच कळविला. एका नांवापुढें सलग तीन महिने बाकी आहे, आणि त्याच्यापुढें आत्याच्या बारीक अक्षरांत लिहिलें आहे, “परीक्षा आहे. मागूं नये.”