तालमीची किल्ली

नाशिक म्हटले की बाहेरगावच्या माणसाला प्रथम गोदाघाट आठवतो, मग काळाराम, मग द्राक्षे आणि शेवटी चिवडा. या यादीत तालीम सहसा येत नाही. परंतु लाकडी खांबावर अंग तोलण्याची जी विद्या आज परदेशची मुलेही हौसेने शिकतात, तिचा उगम परंपरा याच जिल्ह्यात सांगते, हे निदान नाशिककरांनी तरी विसरू नये.

कथा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी दरबाराला आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने ते स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून वणीचा सप्तशृंग गड गाठला. तेथे झाडांवर लीलया झेपावणारे वानर पाहून त्यांना नवे डाव सुचले. प्रत्यक्ष मारुतीने दृष्टांत दिला, असे भाविक म्हणतात. परत येऊन त्यांनी अलीला लोळविले आणि गुलाबाने माघार घेतली. झाडाच्या जागी खांब आला, आणि कुस्तीगिराचा तो मुका जोडीदार मल्लखांब झाला.

गडावरची ही विद्या पुढे टिकली ती गल्लीबोळांतील व्यायामशाळांनी. नाशकात महात्मा गांधी रस्त्यालगतची, महाबळ गुरुजींनी उभी केलेली यशवंत व्यायामशाळा शंभरी ओलांडून गेली आहे. तिकडे अमरावतीस वैद्य बंधूंच्या पुढाकाराने 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. त्या मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली.

ना पगार, ना हजेरीपट

अशा संस्था चालतात कशा? तालमीचे शास्त्र साधे आहे. खांब शिसवी किंवा सागवानी. त्याला एरंडेल चोळायचे. नव्या मुलाने प्रथम सलामी शिकायची, मग साधी अढी, मग दसरंग. तो घसरला की खाली झेलणारे हात हवेत. हे हात पगारी नसतात. काल जो शिकला तो आज धाकट्याला शिकवितो. आज जो झेलला गेला तो उद्या दुसऱ्याला झेलतो. दिवसभर शाळेत किंवा कचेरीत खपलेला गृहस्थ संध्याकाळी लंगोट कसून उभा राहतो, आणि महिनाअखेर त्याला कोणी पाकीट देत नाही. वकिलाचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एकाच मनोऱ्यात उभे राहतात. वर कोणी चढायचे हे बापाचे नाव पाहून नव्हे, वजन पाहून ठरते!

हौशी खेळाचा हा प्रश्न केवळ आपलाच नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात गिरण्या आणि खाणींतले कामगार रग्बी खेळत. सामन्यापायी रोज बुडाला तर त्याची भरपाई मिळावी, एवढीच त्यांची मागणी. वरच्या मंडळींना ती पटली नाही. अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात वीसएक क्लब वेगळे झाले आणि रग्बी लीग हा निराळा खेळ जन्मास आला. कष्टकऱ्याने फुकट खेळावे, असे म्हणणे पोट भरलेल्याला सोपे असते, हा त्यातला धडा. मात्र त्याच प्रांतात गावोगावचे हौशी क्लबही टिकले. मैदानाची निगा, मुलांची शिकवण आणि दारावरची तिकिटे ही कामे गावकरीच वाटून घेतात.

आपल्याकडेही पैसा आला. 2014 पासून कबड्डीची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि हुतूतू खेळणाऱ्या पोरांना मोल आले. ते योग्यच झाले. पण लीगला खेळाडू लागतो, तो कोणत्या तरी मंडळाच्या मातीतच घडलेला असतो. आणि त्या मातीवर पाणी मारणाऱ्याला कोणी बोली लावत नाही.

दादरचे उदाहरण

मुंबईस शिवाजी पार्कजवळचे समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून उभे आहे. तेथे उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही दोरीचा मल्लखांब शिकविला. 2019 साली शिवाजी पार्कावर जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली, तिला 15 देशांचे खेळाडू आले. आणि 2024 साली देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. गल्लीतली तालीम जगापर्यंत पोहोचू शकते, याला आणखी पुरावा काय हवा?

तरीही खरा पेच किल्लीचा आहे. पहाटे कुलूप कोण उघडणार? जुना उस्ताद थकला की त्याच्या हातची किल्ली घ्यायला कोणीतरी हवे. आम्ही आईबाप मुलाला तालमीत घालतो ते दहावीच्या क्रीडागुणांचा हिशेब मनात ठेवून. गुण पदरात पडले की शिकवणीचा वर्ग आणि तालमीला रामराम. मुलगा शिकून जातो, पण शिकवायला परत येत नाही. अशाने खांब राहील, झेलणारे हात राहणार नाहीत.

यंदा नरकचतुर्दशीला अंगाला तेल लावताना त्या खांबाच्या तेलाचीही आठवण ठेवावी. पाडव्याच्या ओवाळणीतून पेठेतल्या तालमीस चार पैसे द्यावेत, ते तर उत्तमच. पण त्याहून बरे म्हणजे आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी. मनोऱ्यात सर्वांत वरचा पोर टाळ्या घेतो. खालच्याचे तोंडही दिसत नाही. गाव उभे असते ते त्या खालच्याच्या खांद्यावर.