जड गोळी, मंद वेग आणि दूरचें लक्ष्य

दूरच्या लक्ष्याचा वेध घ्यावयाचा तर गोळी जितकी वेगवान तितकी बरी, असा सामान्य समज आहे. तो अगदींच निराधार नाहीं. तथापि नेमबाजीच्या इतिहासांत व शास्त्रांत जड आणि मंद गोळीनेंही मानाचें स्थान मिळविलें आहे. तें कसें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथील चांदमारीच्या मैदानावर ता. २६ सप्टेंबर १८७४ रोजीं आयर्लंड व अमेरिका यांच्या नेमबाजांचा सामना झाला. अंतरें होतीं ८००, ९०० व १,००० यार्ड. त्या काळच्या काळ्या दारूच्या बंदुकींतील शिशाची गोळी ५०० ग्रेनांहून, म्हणजे सुमारें ३२ ग्रॅमांहून, जड असे. नळींतून निघतांना ती ध्वनीहून कांहींशी वेगवान असे. परंतु पहिल्या कांहींशें यार्डांतच तिचा वेग ध्वनीच्या वेगाखालीं उतरे, आणि उरलेला बहुतेक प्रवास ती मंद गतीनेंच करी. हजार यार्ड गांठण्यास तिला सुमारें तीन सेकंद लागत. तेवढ्या अवधींत पृथ्वीच्या आकर्षणानें ती नळीच्या रोखापासून चाळीस मीटरांहून अधिक खालीं येई. म्हणून नळी तितकी उंच रोखावी लागे.

मग गोळी जड कां असावी? वाऱ्यावर भिरकावलेलें पीस हातभरही जात नाहीं. गोटा मात्र दूर जातो. जड वस्तु आपली गति सहजासहजीं सोडीत नाहीं. शिवाय ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा अवरोध एकदम वाढतो, आणि ती सीमा ओलांडून खालीं येतांना वेगवान गोळी डळमळण्याचा संभव असतो. जी आरंभापासूनच सीमेखालीं आहे तिला हें संकट नाहीं. ५० मीटरांच्या ऑलिंपिक सामन्यांतील लहान काडतुसेंही बहुधा अशींच मंद असतात. त्याच अंतराच्या रायफल प्रकारांत कोल्हापूरकडील स्वप्नील कुसळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें कांस्यपदक मिळविलें.

आजच्या '३०० ब्लॅकआउट' जातीच्या मंद काडतुसांत बहुधा २२० ग्रेनांची गोळी असते. तिचा वेग सेकंदास सुमारें ३०५ मीटर; ध्वनीचा सुमारें ३४०. जड गोळी लांबट असते, आणि लांबट गोळी स्थिर राहण्यास भोवऱ्याप्रमाणें जलद फिरावी लागते. म्हणून तिच्या नळींतील पीळ सात-आठ इंचांतच एक फेरा पुरा करतो.

आतां हिशेब पाहावा. ही गोळी १०० मीटरांवर सुमारें अर्धा मीटर, २०० वर दोन मीटरांहून थोडी अधिक, व ३०० वर पांच मीटर खालीं येते. अंतर दुप्पट झालें कीं पतन चौपट! ३०० मीटरांच्या अंदाजांत केवळ दहा मीटरांची चूक झाली, तर गोळी फूटभर वर किंवा खालीं लागते. म्हणून असा नेमबाज चाप ओढण्यापूर्वीं अंतर मोजतो, निशाणाच्या फडफडीवरून वारा ताडतो, आणि मगच नेम धरतो. मंद गोळी अजमासाची गय करीत नाहीं.

क्रीडमूरचा निकाल याहूनही साध्या गोष्टीनें लागला. आयर्लंडच्या मिल्नर नामक नेमबाजाची एक गोळी अचूक मध्यावर बसली. पण दुसऱ्याच लक्ष्याच्या! तिला शून्य गुण मिळाले. मध्यवेधास गुण होते चार. अखेरीस अमेरिकेचे बोडीन यांची एकच गोळी उरली, तेव्हां त्यांचा पक्ष एका गुणानें मागें होता, आणि फुटक्या बाटलीनें कापलेल्या त्यांच्या हातांतून रक्त वाहत होतें. त्यांनीं शांतपणें मध्य वेधला. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. मिल्नरची ती गोळी आपल्या लक्ष्यावर बसती, तर जय आयर्लंडचा होता.