बोरीबंदर ते बॅलार्ड पियर : दीड किलोमीटरचा सफर

सांगली, मिरज, कराड, साताऱ्याची आपली काही कुटुंबे आता मुंबईहून जहाजाने गोव्याला, लक्षद्वीपला जाऊ लागली आहेत. तिकिटाचे पैसे वर्षभर बाजूला टाकून जमवलेले असतात, सोबत गुडघेदुखीने बेजार झालेले अम्मी-अब्बा असतात. रात्रभराचा रेल्वेप्रवास सुरळीत होतो आणि गोंधळ उडतो तो स्टेशन ते बंदर एवढ्या दीड किलोमीटरात. स्टेशनबाहेर कुणी तीनशे रुपये मागतो आणि नवखा माणूस मुकाट्याने देतो.

खरे तर हा रस्ता आपल्या घरांना नवा नाही. मुंबईहून जेद्दाहला जाणारी हजची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. तोवर आपल्या भागातले अनेक हाजी याच वाटेने गेले. १९७१ च्या सुमारास मोठी लाईन होईपर्यंत मिरज-पुणे गाडी मीटरगेजची होती, त्यामुळे पुण्याला उतरून गाडी बदलावी लागे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना हा मोठा आधार. गंमत अशी, की इंग्रजांच्या काळात बंदरातच बॅलार्ड पियर मोल नावाचे स्टेशन होते. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल तिथून पेशावरला जाई. साहेब बोटीतून उतरला की थेट डब्यात! आपल्या बुजुर्गांना मात्र पेट्या-वळकट्या सांभाळत बोरीबंदराहून बंदर गाठायचे होते.

आता आजचे. कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मिरज, सांगली, कराड, सातारा घेत सकाळी सीएसएमटीला पोचते. जहाजात बसवून घेण्याची वेळ बहुधा दुपारची असते, म्हणून हीच गाडी सोयीची. दिवसा धावणारी कोयना मुंबईला रात्री पोचते, म्हणजे हॉटेलचा खर्च वाढला. दादरला संपणाऱ्या गाडीचे तिकीट मिळाले तर तिथून सीएसएमटीपर्यंत लोकलचे तिकीट पाच रुपये आहे. मात्र आठ ते अकराच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना आणि बॅगांना घेऊन लोकलमध्ये शिरू नका. तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

सीएसएमटीला अठरा नंबर फलाटाकडून पी. डिमेलो रोडला बाहेर पडता येते. तिथून उजवीकडे वळा. डाव्या हाताला बंदराची भिंत, उजवीकडे सेंट जॉर्ज हॉस्पिटल ठेवून सरळ गेलात की बॅलार्ड इस्टेट येते. तरुणांना वीस-पंचवीस मिनिटांची चाल. बुजुर्ग बरोबर असतील तर काळी-पिवळी टॅक्सी घ्या. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये भाडे आहे, म्हणजे मीटरने पन्नासच्या आत काम होते. मीटर टाकायला नकार दिला तर पुढची टॅक्सी बघा, हुज्जत घालत बसू नका. रिक्षा शोधू नका, मुंबईच्या या भागात रिक्षा चालत नाहीत.

टॅक्सीवाल्याला नुसते ‘बंदर’ किंवा ‘धक्का’ सांगितलेत तर तो माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडेल, नाहीतर गेटवेला. जहाज काही कुणासाठी थांबत नाही. तिकिटावर जे गेट लिहिले असेल त्याचे नाव सांगा. बॅलार्ड पियरचे ग्रीन गेट सगळ्यांना ठाऊक असते. गेटवर पहारा असतो. ओळखपत्र आणि तिकीट बॅगेच्या तळाशी नको, हातात हवे.

सकाळचा मधला वेळ कसा घालवायचा? कुलूप लावलेल्या बॅगा स्टेशनच्या अमानती सामानघरात ठेवता येतात. हमाल केलात तर दर आधी ठरवा. जुम्मा मस्जिद क्रॉफर्ड मार्केटजवळच आहे. इतक्या लांबून आलेले आपण मुसाफिर, तेव्हा एकट्याने पढलात तर जुहरला कसर. जेवण मोहम्मद अली रोडला होते. जहाजावर हलाल जेवण मिळेल का, हे मात्र तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. तिथे मद्य आणि कॅसिनोही असतो, हेही घरच्यांना आधीच माहीत असलेले बरे.

परतीला जहाज सकाळी लागले तरी उतरेपर्यंत वेळ जातो आणि कोयना सकाळीच सुटते. तिच्या भरवशावर राहू नका, रात्रीच्या महालक्ष्मीचेच आरक्षण जाण्याआधी करून ठेवा.