सातूच्या पिठाची शाळा

‘हैदराबाद मिश्रण’ हे नाव आहारशास्त्राच्या पुस्तकात प्रथम वाचलं तेव्हा मला जरा हसू आलं. भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेले हरभरे १६, शेंगदाणे १०, गूळ २०. शेंगदाणे वगळले तर हे घरोघरचं सातूचं पीठच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने त्याला वजनकाटा लावला: एवढ्या ८६ ग्रॅममधून ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅमहून जास्त प्रथिनं मिळतात.

म्हणजे यात गुपित काही नाही. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. काय खायला द्यावं यापेक्षा ते कुणी तयार करावं, हा प्रश्न म्हणूनच मला मोठा वाटतो. ७ ऑक्टोबर २००४च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यातून कंत्राटदारांना वगळायला सांगितलं. मग उरले महिला मंडळं आणि बचत गट. त्यांच्या जोडीला गावची माध्यमिक शाळा का नसावी?

कुणी म्हणेल, शाळेत येईपर्यंत उशीर झालेला असतो. खरं आहे, वाढ खुंटते ती मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत. पण आठवीतल्या मुलीच्या कडेवर घरी गेल्यावर कोण असतं? आई मजुरीला गेली की धाकट्याला भरवते तीच.

आणि भरवण्यातच खरी अडचण आहे. आठ किलोच्या बाळाचं पोट एका वेळी पाव लिटरहूनही कमी घेतं. पिठाची पेज शिजली की फुगते, घट्ट होते; बाळाला गिळवत नाही, म्हणून आई पाणी घालते. वाटी भरलेली दिसते, पोटही भरतं, पण बाळाच्या अंगी काही लागत नाही. यावरचा उपाय मोडांत आहे. धान्याला मोड येताना त्यात पिष्टाचे तुकडे करणारं अमायलेज हे विकर वाढतं. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर विस्ताराने काम केलं. आपल्या नाचणीच्या सत्त्वामागेही हेच शास्त्र आहे. वर्गात मी दोन वाट्या ठेवते. दोन्हींत चमचा उभा राहील इतकी घट्ट पेज. एकीत, ती चांगली गरम असतानाच, मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ ढवळायचं. काही मिनिटांत चमचा आडवा पडतो. पाणी न घालता पेज पातळ! मग तिला पुन्हा एक उकळी द्यायची, कारण मोडांच्या ओलाव्यात जंतूही वाढतात. मुलींना आणखी एक बजावून सांगावं लागतं: मोड फार भाजले तर विकर मरतं.

आता हिशेब. अंगणवाडीतली ३० मुलं, महिन्याचे २५ दिवस, रोज ८६ ग्रॅम. गहू ३० किलो, हरभरे १२, शेंगदाणे साडेसात, गूळ १५. गावच्या गिरणीला हे जड नाही. आठवीच्या पोरांना मात्र आहे, आणि इथे मला सावध राहावंसं वाटतं. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी उत्पादक श्रमांतून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा शाळेचा कारखाना होईल अशी भीती टीकाकारांनी व्यक्त केली होती. ती भीती निराधार नव्हती. भट्टीपुढे बसून तीस किलो गहू भाजणं हे शिक्षण नव्हे. ते काम बचत गटातल्या बायांचं, आणि रास्त मोबदल्याचं. मुलांनी वजनं करावीत, मोड आणावेत, अंगणवाडीतल्या मुलांच्या वाढीचे तक्ते वाचायला शिकावं. शेंगदाणे तर त्यांनीच निवडावेत. सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा हातानेच वेचावा लागतो. त्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पुरतं जात नाही.

अतितीव्र कुपोषित मूल या पिठावर सोपवू नये, त्याला दवाखानाच हवा. इतरांसाठी पीठ पंधरा पंधरा दिवसांचंच दळावं. गूळ आधी मिसळला तर पावसाळ्यात डबा ओलसर होतो, म्हणून तो वेगळ्या पुडीत द्यावा.